आमच्या साहित्यांतील वसंत आणि शेतांतील चैत्र

मराठींतील ऋतुवर्णनपर कवितांपैकीं जी एक कविता लहानथोरांच्या तोंडीं आहे, ती वसंतावरची नसून श्रावणावरची आहे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनीं जितकी मनावर घ्यावयास पाहिजे होती तितकी घेतलेली दिसत नाहीं. बालकवींची 'श्रावणमास' ही कविता शाळेंत एकदां पाठ झाली कीं जन्मभर विसरत नाहीं. उलट वसंतावरील कवितांचा मराठींत तोटा मुळींच नाहीं. ऋतुराज, कोकिळ, आम्रमंजरी, मलयानिल हा सगळा सरंजाम पंडित कवींपासून अखंड चालत आलेला आहे. पण त्यांतील एखादी कविता कोणास आपण होऊन आठवते काय? हा प्रश्न मीं कांहीं रसिक मित्रांस विचारून पाहिला, आणि बहुतेकांनीं थोडा वेळ आढ्याकडे पाहून विषय बदलला. बालकवि खानदेशांत धरणगांवीं जन्मले. १८९० ते १९१८ एवढेंच आयुष्य त्यांना लाभलें. डोळ्यांनीं पाहिलेला ऋतु रंगविण्याची वेळ आली तेव्हां त्यांची लेखणी श्रावणांत जशी रमली तशी दुसरीकडे क्वचितच रमली असेल.

याचें कारण कवींच्या प्रतिभेंत शोधण्यापूर्वीं आमच्या हवेंत शोधावें असें मला वाटतें. आमच्या साहित्यांत वसंत हा दोन वेळां आलेला पाहुणा आहे. पहिल्यानें तो संस्कृत काव्यांतून आला. त्या वेळीं निदान तो याच देशांतला होता, आणि त्याच्या आंब्याला मोहोर येत असे तसा आमच्याहि आंब्याला येतो. दुसऱ्या वेळीं तो इंग्रजी शाळांच्या वाटेनें आला आणि येतांना बर्फ वितळल्यावर होणाऱ्या पेरणीचा हर्ष बरोबर घेऊन आला. हा दुसरा पाहुणा अधिक घोटाळ्याचा ठरला. आमच्या नाशिकास मोगलांनीं एके काळीं गुलशनाबाद असें नांव ठेविलें होतें. तें नांव गेलें. पण बाहेरून आलेलें फुलांचें नांव आपल्या मातीस चिकटविण्याची संवय आमच्यांत राहून गेली.

मी स्वतः या घोटाळ्यांत तीस वर्षांहून अधिक काळ भर घालीत आलों आहें, म्हणून याविषयीं बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. सन २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यांत महाराष्ट्रांत जी गारपीट झाली, ती या जिल्ह्यांतील बागाईतदार अजून विसरलेले नाहींत. त्या दिवसांत मी पदवीच्या वर्गास चॉसर या चौदाव्या शतकांतील इंग्रज कवीच्या काव्याचा प्रसिद्ध उपोद्घात शिकवीत होतों. त्याचा आरंभच एप्रिलमधील पावसाच्या कौतुकानें होतो. वर्गांत निफाड आणि दिंडोरीकडचीं मुलें पुष्कळ. चार दिवस मागचीं बाकें रिकामीं होतीं. पांचव्या दिवशीं त्यांतील एक मुलगा आला. एप्रिलची सर ही जीवनदायिनी कशी, तिनें माणसाच्या मनालाहि कोंब कसे फुटतात, हें मीं नेहमींच्या उत्साहानें सांगितलें. त्यानें उठून अगदीं नम्रपणें विचारलें कीं, त्या देशांत एप्रिलमध्यें शेतांत काय उभें असतें?

प्रश्न साधा होता. पण तोंवर वीस वर्षें तें काव्य शिकवूनहि मला तो सुचला नव्हता. जव, ओट यांची पेरणी नुकतीच झालेली असते, असें मीं उत्तर दिलें. मुलानें मान हलविली आणि तो खालीं बसला. त्याच्या शेतांत काय उभें होतें, किंवा आठवड्यापूर्वीं काय उभें होतें, हें त्यानें सांगितलें नाहीं. आणि विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. माझें घर कादवेच्या कांठचें. त्या प्रश्नाचा अर्थ न समजण्याची सोय मला नव्हती.

आतां आमच्याकडे चैत्रांत शेतांत काय उभें असतें तें पाहूं. गहूं आणि हरभरा निघालेले असतात. पौषांत लावलेला उन्हाळ कांदा काढणीस आलेला असतो, अथवा काढून, पात कापून, वावरांत सुकत पडलेला असतो. तेथून तो चाळींत जावयाचा आणि पुढें चारपांच महिने भावाची वाट पाहावयाचा. या वेळीं अर्धा तास पाऊस झाला तरी भिजलेला कांदा चाळींत सडूं लागतो, आणि सडण्याचा वास येईपर्यंत नुकसान किती तें कळत नाहीं. उशिराच्या बागांत द्राक्षांचे घड अजून वेलावर असतात. पिकलेल्या घडावर पाणी पडलें कीं मणी तडकतात. आंब्याच्या कैऱ्या झाडावर असतात, त्या वाऱ्यानें गळतात. येणेंप्रमाणें इंग्रजी कवीचा गोड पाऊस आमच्या पंचक्रोशींत ज्या नांवानें ओळखला जातो तें नांव 'अवकाळी' असें आहे. या शब्दांतच आमचें सगळें ऋतुशास्त्र आहे: पाऊस तोच, पण काळ त्याचा नव्हे.

आणि लावणी-पेरणी? जिरायत शेतांत तिचें नांव नसतें. चैत्र-वैशाखांत जमीन नांगरून टाकावयाची आणि ढेकळें उन्हांत तापूं द्यावयाचीं, एवढेंच काम. पारा चाळिशीच्या घरांत जातो तेव्हां शहरांतील माणूस हाशहुश करितो. पण शेतकरी जमीन नीट तापली नाहीं तर काळजींत पडतो, कारण किडीचे कोष आणि हरळीचीं मुळें त्या तापण्यानेंच मरतात. पुढें शेणखत पसरणें, वखरपाळी, बांधबंदिस्ती. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणींत आणि ७-८ जूनला मृगांत जातो. पाऊस नाशिकला साधारणतः जूनच्या मध्यास येतो, आणि तोहि इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरांवर कोसळून पूर्वेकडे सिन्नर-येवल्यास पोहोंचेपर्यंत पांचसहाशेंवर आलेला असतो. आमच्याकडे बीजाचा हर्ष त्या दिवसांचा आहे. वसंत हा आमच्याकडे आशेचा नव्हे, तयारीचा ऋतु आहे. आणि ज्याच्या घरीं पीक अजून वावरांत आहे त्याला तो भीतीचा आहे.

जुन्या कवींना याची जाणीव नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. कालिदासाचा 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून सुरू होतो आणि वसंताशीं संपतो. म्हणजे वसंत हा तेथें वर्षाचा आरंभ नसून शेवट आहे. शेतकऱ्याच्या वहीचाहि हिशेब तोच. सालगड्याचें साल कोठें पाडव्यास, खानदेशांत आखाजीस संपतें, आणि देणेंघेणें मिटतें. याहून महत्त्वाची साक्ष आदिकवीची आहे. परंपरेनें आमचीच मानली गेलेली जी पंचवटी, तिच्या निवासांत वाल्मीकीनें जें विस्तृत ऋतुवर्णन लक्ष्मणाच्या मुखांतून केलें आहे तें वसंताचें नाहीं, हेमंताचें आहे. आणि त्या वर्णनांत नुसतीं वनें आणि धुकें नाहींत. त्यांत जव-गव्हाचीं शेतें आहेत, दाण्यांनीं भरून वांकलेलीं साळीचीं सोनेरी कणसें आहेत. वसंताचें वर्णन वाल्मीकि पुढें पंपा सरोवराच्या कांठीं करितो, आणि तेथें तो सीतेच्या विरहानें व्याकुळ झालेल्या रामाच्या तोंडीं घालतो. शेताजवळ हेमंत आणि विरहाजवळ वसंत! ही योजना सहज झालेली असो वा विचारपूर्वक असो, तिच्यामागें पाहणारा डोळा आहे. नंतरच्या शेंकडों कवींनीं त्याचीं फुलें उचललीं, डोळा उचलला नाहीं.

इंग्रजी विद्येच्या कवींचा दोष निराळा आहे. त्यांनीं फुलें बदललीं नाहींत, भाव बदलला. नवें वर्ष, नवें बीज, नवी आशा ही जी साखळी आमच्या वसंतगीतांत दिसते ती आमच्या मातीची नव्हे, कारण त्या वेळीं मातींत बीज नसतेंच. खुद्द चॉसरच्या मार्चमधील कोरडेपणावरहि, तो इंग्लंडचा खरा कीं दक्षिणेकडील लॅटिन काव्यांतून उचललेला, असा वाद त्यांच्या पंडितांत झालेला आहे. तेव्हां उसना वसंत हा कांहीं आमचाच रोग नव्हे. पुढें १९२२ सालीं एलियटनें आपल्या 'वेस्ट लँड' या काव्याच्या आरंभीं त्याच एप्रिलला उलटा रंग दिला, आणि आमच्या नवकवींपैकीं कांहींनीं तो उलटा रंगहि तितक्याच तत्परतेनें आणला!

या सर्व वाङ्मयांत दुर्गा भागवतांचें 'ऋतुचक्र' हें पुस्तक एकदम वेगळें उभें राहतें. १९५६ सालीं तें प्रसिद्ध झालें. चैत्रावरील 'वसंतहृदय चैत्र' हा त्यांतील लेख शाळेच्या पाठ्यपुस्तकांतूनहि पुष्कळांच्या परिचयाचा आहे. दुर्गाबाईंनीं काय केलें? त्यांनीं वसंताला सिंहासनावरून खालीं उतरविलें आणि झाडापाशीं नेऊन उभें केलें. पिंपळाच्या कोवळ्या पानांचा तांबूस रंग त्यांनीं अशा बारकाईनें टिपला कीं तो लेख वाचल्यावर पिंपळाखालून न पाहतां जाणें अशक्य व्हावें. घाणेरीसारख्या झुडपाला, ज्याच्या नांवामुळेंच कोणी कवि त्याच्या वाटेस गेला नसता, त्यांनीं आपल्या चैत्रांत मानाची जागा दिली. पक्ष्यांचीं घरटीं, झाडाला लगडलेले फणस, हें सारें त्यांत आहे, आणि जें आहे तें पाहून लिहिलेलें आहे. ललित निबंधाच्या नांवाखालीं जें गुळचट लेखन आमच्याकडे होतें त्याच्याशेजारीं हें पुस्तक ठेवलें म्हणजे निरीक्षण ही केवढी मोठी नीति आहे हें कळतें.

तथापि या पुस्तकाच्या वाचकास, विशेषतः तो शेतांतून आलेला असेल तर, एक उणीव हळूहळू जाणवूं लागते. दुर्गाबाईंचा चैत्र हा पाहणाराचा चैत्र आहे. तो उभा राहून, मान वर करून पाहिलेला आहे. त्यामुळें त्यांत झाड जितकें भरून येतें तितकें शेत येत नाहीं, आणि शेत आलें तरी त्यांत कामाला वांकलेलें माणूस क्वचितच डोळ्यांत भरतें. लोकसाहित्याचा त्यांच्याइतका व्यासंग करणारी व्यक्ति आमच्यांत विरळा. तरी या पुस्तकांत त्यांनीं मनुष्यापेक्षां वृक्षाचा पक्ष घेतला. ग्रंथकर्त्यानें जें करावयाचें योजिलें नाहीं त्याबद्दल त्यास दोष देऊं नये, हा टीकेचा जुना नियम मला मान्य आहे, म्हणून हा दोष मी पुस्तकास देत नाहीं. दोष आमचा आहे. झाडांच्या वसंताविषयीं एक खरें पुस्तक मिळाल्याबरोबर आम्हीं सगळ्या वसंताविषयींचें सत्य हातीं आलें असें मानलें.

शेतांतील चैत्राचें पुस्तक त्याच्या चार वर्षें आधींच, १९५२ सालीं, प्रसिद्ध झालें होतें. मात्र त्यांतील गाणीं रचणारी स्त्री तें पाहण्यास उरली नव्हती. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालचा, जळगांवजवळील असोद्याचा; ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या. सोपानदेवांनीं गाणीं जपलीं आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' निघालीं, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. या गाण्यांतील तत्त्वज्ञानाविषयीं आमच्या टीकाकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत. मन, संसार, देव यांवरील ओळी भिंतींवर टांगल्या जातात. मला त्यांच्या शीर्षकांविषयीं बोलावयाचें आहे.

पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. हीं एका पिकाच्या आयुष्याचीं नांवें आहेत, आणि तीं सारीं क्रियापदांपासून झालेलीं आहेत. दुर्गाबाईंच्या पुस्तकाचीं प्रकरणें महिन्यांचीं आहेत. बहिणाबाईंचीं गाणीं कामांचीं आहेत. दोन पंचांगांतील हा भेद वरवरचा नव्हे. महिना आपोआप येतो आणि जातो. आपण घरांत निजून राहिलों तरी चैत्राचा वैशाख होतोच. पण पेरणी केल्यावांचून होत नाहीं आणि कापणी कापल्यावांचून संपत नाहीं. ज्याचा ऋतु महिन्यांनीं मोजला जातो तो ऋतूचा प्रेक्षक असतो. ज्याचा कामांनीं मोजला जातो त्याच्यासाठीं ऋतु हा मालकहि असतो आणि भागीदारहि. बहिणाबाईंच्या गाण्यांत आभाळाकडे पाहणें आहे, पण तें हातांत कांहींतरी धरून पाहणें आहे. त्यांच्या उपमा देखील याच ठिकाणाहून आल्या आहेत, आणि म्हणूनच त्या चतुर वाटत नाहींत.

मग त्यांच्या गाण्यांत वसंत आहे कीं नाहीं? आहे, पण तो आमच्या ओळखीच्या वेषांत नाहीं. 'गुढी उभारनी' हें त्यांचें पाडव्याचें गाणें पाहावें: त्यांत अंगण झाडण्या-सारवण्याची घाई आहे आणि मनांतील आढी सोडण्याची विनवणी आहे. हिशेब मिटण्याच्या दिवसाचें हें गाणें आहे. त्याहून अर्थपूर्ण मला 'आखाजी' वाटतें. अक्षय्यतृतीयेला खानदेशांत, आणि आमच्या जिल्ह्यांतील मालेगांव-बागलाणाकडेहि, लेकी माहेरीं येतात, झाडाला झोके बांधतात आणि गातात. हा सण नेमका याच वेळीं कां, याचें उत्तर कोणत्याहि काव्यशास्त्रांत सांपडणार नाहीं. तें वावरांत सांपडतें. वावर रिकामें आहे. सासरच्या शेताला तिचे हात या पंधरा दिवसांतच नको आहेत. आमच्या कवींनीं वसंतास प्रेमाचा ऋतु ठरविलें. शेतांतल्या बाईला तो सुटीचा ऋतु होता, आणि त्या सुटीला पुढच्या नक्षत्राची मुदत होती. झोक्याच्या गाण्यांत जी एक घाईची, थोडी रडवेली गोडी असते ती या मुदतीमुळें आहे असें मला वाटतें.

बहिणाबाईंनंतर ही वाट फारशी वाहती राहिली नाहीं. ना. धों. महानोर यांचे १९६७ सालचें 'रानांतल्या कविता' हें पुस्तक निःसंशय मोठें. पळसखेडच्या मातींत स्वतः राबलेल्या माणसाचें तें पुस्तक आहे. पण महानोरांचें रान भिजल्यावर जितकें बोलतें तितकें तापल्यावर बोलत नाहीं, आणि त्यांच्या एका संग्रहाचें नांव 'पावसाळी कविता' असावें यांत मला नवल वाटत नाहीं. तापलेल्या रानाचें, आणि त्याहून तापलेल्या घराचें, लेखन पुढें कादंबरीनें केलें; सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) वाचणारास बारा महिन्यांचा अर्थ निराळ्या रीतीनें समजतो. परंतु तो विषय स्वतंत्र आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, कवीनें शेतकी खात्याचें पत्रक लिहावें कीं काय? मुळींच नव्हे. कोकिळ गातो हें खरें आहे, आणि ज्याच्या कांद्यावर पाणी पडलें त्यालाहि तो ऐकूं येतो. तो त्यास कसा ऐकूं येतो, एवढेंच मला कवितेंतून कळावयास हवें आहे. आणि बाहेरचें जें येईल तें घेऊंच नये, असेंहि माझें म्हणणें नाहीं. या बाबतींत आमच्या द्राक्षबागाईतदारांचा धडा आमच्या कवींनीं घेण्यासारखा आहे. द्राक्षाचा वेल थंड मुलुखांत हिवाळाभर निजतो, वसंतांत जागा होतो आणि शरदाच्या सुमारास फळ देतो. त्याला नाशिकांत आणला तेव्हां तो निजेना, कारण निजण्याइतकी थंडीच येथें नाहीं. मग बागाईतदारानें त्याला कात्रीनें ऋतु शिकविले. एप्रिलमध्यें खरड छाटणी: माल निघून गेलेला वेल ओलांड्यापर्यंत खरडून काढावयाचा, म्हणजे नव्या काड्या फुटतात आणि वैशाखाच्या उन्हांत त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील सालचा घड आंतल्या आंत तयार होतो. त्या दिवसांत आभाळ फार काळ झांकोळलें तर घड कमी धरतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, डोळ्यांना पेस्ट, आणि माघ-फाल्गुनांत माल. ज्या वेलाला जन्मभूमींत एक वसंत होता त्याला येथें माणसानें दोन दिले, आणि दोन्ही कात्रीनें दिले. परका वेल या हवेचें पंचांग शिकला. आमच्या कवितेंतील परक्या वसंतावर अशी कात्री कोणी चालविली नाहीं. त्यास पानें भरपूर आलीं, घड धरला नाहीं.

मौज अशी कीं, या वेलानें बहिणाबाईंच्या आखाजीचें सुद्धां रूप पालटलें आहे. बागाईत घरांत आतां चैत्र रिकामा राहिलेला नाहीं. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीच्या टोळ्या येतात, त्यांत बायामुलें असतात, आणि माहेरीं जाण्याच्या पंधरवड्यांतच काड्यांची विरळणी येऊन पडते. खरड छाटणीवर लिहिलेली एकहि कविता माझ्या वाचनांत आलेली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मीं वर्गांतील मुलांना, चॉसरचा पाठ झाल्यावर, आपापल्या घरच्या एप्रिलविषयीं एक पान लिहून आणावयास सांगितलें. बहुतेकांनीं कोकिळ आणला. एका मुलीनें, जी सुरगाण्याकडची आहे आणि सुटींत आईबरोबर टोळींत जाते, असें लिहिलें होतें कीं छाटलेल्या बागेंत दुपारीं सावली कोठेंच नसते, म्हणून जेवावयास बांधावरच्या बाभळीपर्यंत चालत जावें लागतें, आणि मुकादम तो चालण्याचा वेळ जेवणांत धरतो. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. तें पान मीं 'ऋतुचक्रा'च्या माझ्या प्रतींत, चैत्राच्या लेखापाशीं ठेवून दिलें आहे.